ओढ्यावरच्या शिव्या

सही करायची जागा सावित्रम्मानं पेन्सिलीची बारीक फुली मारून दाखवली होती. सावित्रम्मा केंद्राची टायपिस्ट. तिच्या फुल्यासुद्धा टाइप केल्यासारख्या सरळ. गीताबाईंनी पेनचं टोपण काढलं आणि सही करायच्या आधी, नव्या खुर्चीत बसल्याचं सुख आणखी थोडं लांबावं म्हणून, समोरची यादी वाचायला घेतली. सोमवारची सकाळ होती. अप्पाच्या तळ्याकडून येणारा वारा टेबलावरच्या कागदांची टोकं उचलून बघत होता, शेजारणीनं दुसरीच्या परातीवरचं फडकं उचलून बघावं तसा. एकोणीस वर्षं काढली होती या इमारतीत. आधी जिन्याखालचं टेबल, मग लायब्ररीचा कोपरा, मग उपसंचालक म्हणून वरची खोली, आणि आता गुरुपादय्या निवृत्त झाल्यावर त्यांची ही खुर्ची, जी डावीकडे वळताना कुरकुरायची आणि उजवीकडे वळताना नाही. प्रादेशिक सुरक्षा धोरण संशोधन केंद्र, गुलबर्गा. दारावरच्या पाटीवर अजून नाव लागलं नव्हतं. महिनाअखेरीला बंगळूरला नियामक मंडळ बसायचं होतं, तोवर त्या प्रभारी. मंडळ बसलं की वरिष्ठ संचालक. मंडळाचं काय, तो नुसता चहा असतो, असं गुरुपादय्या म्हणाले होते. कमलनगर स्टेशनातल्या गँगमनची मुलगी या खुर्चीत बसणार याचा गीताबाईंना आनंद झाला होता आणि तो लपवावा असंही त्यांना वाटत नव्हतं. सकाळी रिक्षात बसताना त्या गुणगुणत होत्या. काय गुणगुणत होत्या ते मात्र आठवेना.

केंद्राचं काम सांगायला सोपं होतं. सीमेवरच्या जिल्ह्यांत कुठं तंटा पेटेल, कशानं पेटेल आणि काय केलं म्हणजे पेटणार नाही, हे शोधून सरकारला कळवायचं. त्यासाठी दर वर्षी जुलैमध्ये संवेदनशील गावांची यादी निघायची. ती दुसऱ्या विभागाची. गीताबाईंचा हात तिला कधी लागला नव्हता. त्यांची वर्षं तांड्यांवर, आठवडी बाजारांवर, दुष्काळात माणसं कुठल्या रस्त्यानं बाहेर पडतात ते नकाशावर मांडण्यात गेली होती. म्हणून ही यादी त्या पहिल्यांदाच वाचत होत्या, आणि पहिलंच नाव होतं कोळवाडी, तालुका औराद. त्यांचं स्वतःचं गाव. पुढच्या रकान्यात, गावसीमेवरील ओढ्यात दोन राज्यांच्या रहिवाशांमध्ये वार्षिक संघर्ष. त्याच्या पुढं, १९७० पासून श्रावणात बंदोबस्त व जमावबंदी. त्याच्या पुढं, घटना निरंक, निरंक, निरंक, सतरा वर्षं. आणि शेवटच्या अरुंद रकान्यात, जिथं आधार काय ते लिहायचं, तिथं सावित्रम्माच्या सरळ टायपात त्यांचंच नाव आणि त्यांच्या जुन्या लेखाचं साल, १९६९.

पेनच्या निबावरची शाई वाळली. खाली रस्त्यावर कुणीतरी भांड्यांना कल्हई करून देतो म्हणून ओरडत चाललं होतं, ते ऐकू येत राहिलं. मग हळूहळू पाण्याचा वास आला. श्रावणातल्या ओढ्याच्या पाण्याला असतो तो, गाळाचा आणि ठेचलेल्या तरवडाचा. नागपंचमीचा दुसरा दिवस, करीचा दिवस. या काठाला कोळवाडीच्या बायका, त्या काठाला हिंगणीच्या. मध्ये गुडघाभर पाणी. ओच्यात जोंधळ्याच्या लाह्या, पदर कमरेला खोचलेले, आणि मग सुरू व्हायच्या शिव्या. पण सरळ शिव्या नाहीत, बांधलेल्या, चालीतल्या, जात्यावरच्या ओव्यांच्या सख्ख्या बहिणी वाटाव्यात अशा. हिंगणीची बाई हात उडवून म्हणायची:

कोळवाडीच्या बाया गं, ताकात घालिती पानी
सुनंला देती घोट अन् म्हनती आमी लई ग्यानी

की इकडून कोंडाबाई, म्हणजे गीताबाईंची आई, दोन पावलं पाण्यात उतरायची:

हिंगणीचा गडी गं, मिशीला लावतो लोनी
मांजर चाटून गेलं, घरात बोलंना कोनी

आणि दोन्ही काठ हसून हसून खाली बसायचे. ज्या काठाला उत्तर सुचलं नाही तो हरला. हरलेल्यांनी आपल्या लाह्या पाण्यात सोडायच्या, जिंकलेल्यांनी त्यांच्यावर आपल्या सोडायच्या, आणि लाह्यांचा पांढरा पट्टा वाहत कुठं जातो ते दोन्ही काठांनी बघायचं. तीन शिव्या तिथं चालत नव्हत्या. मेलेल्याची, वांझपणाची आणि जातीची. कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण लहानपणी गीतानं एकदाही मोडलेलं पाहिलं नाही. समोरच्या काठावर सगळ्यात तिखट तोंडाची होती हिंगणीची सुभद्राबाई, मोठ्या शेतकऱ्याच्या घरची. वर्षभर कोंडाबाई तिच्या वाड्याच्या बाहेर उभी राहून खळ्यावरच्या कामाचं विचारायची, आणि सुभद्राबाई आतूनच उत्तर द्यायची. करीच्या दिवशी मात्र दोघी समोरासमोर, पाणी दोघींच्या पायाला सारखंच. मग छप्पन साल आलं. त्या एका वर्षात काय काय झालं. निजामाच्या वेळेपासून एका जिल्ह्यात असलेली दोन गावं फुटली, हिंगणी मुंबई राज्यात गेली, कोळवाडी म्हैसूर राज्यात, आणि ओढ्याला सरहद्द म्हणू लागले. त्याच सुमाराला कोंडाबाईच्या वस्तीनं देव्हारे मोकळे केले, बुद्धाची वंदना शिकून घेतली. पुढच्या श्रावणात बारा वर्षांच्या गीतानं विचारलं होतं, आता पंचमी न्हाई आपली, मग ओढ्यावर जायाचं का? कोंडाबाई लुगड्याचा पदर खोचत म्हणाली होती, "शिव्या काय देवाच्या हायेत व्हय? त्या आपल्या तोंडाच्या. चल."

दुपारी गुरुपादय्या आले. निवृत्त होऊन तीन दिवस झाले होते आणि घरी दुपारच्या चहाची वेळ चुकते म्हणून त्यांना करमत नव्हतं. मराठी बोलताना त्यांची कानडी मधूनमधून डोकं वर काढायची. त्यांनी यादी बघितली, गीताबाईंचं बोट ज्या रकान्यावर होतं तो बघितला, आणि बशीत चहा ओतला. "नोड्री, बघा गीताबाई, हे तुमचं सोनं आहे. याच लेखावर आपला सगळा सीमाघर्षण निर्देशांक उभा. गावागावाला गुण देतो ना आपण, त्याची पहिली वीट हीच. मंडळाच्या कागदात तुमच्याबद्दल पहिलं वाक्य हेच लिहिलंय मी."

"सर, ते खरं नव्हतं."

गुरुपादय्यांनी बशी खाली ठेवली. त्यांना राग आला नाही. इतकी वर्षं चांगलं वागून रागवायची सवयच त्यांना राहिली नव्हती. "मग काय होतं?"

गीताबाईंनी सांगितलं. सांगताना तो दिवस पुन्हा डोळ्यांसमोर आला आणि त्याबरोबर तेव्हाच्या साडीची खळही अंगाला टोचली. एकोणसत्तरचा श्रावण, हैदराबादेत एम.ए. करून आलेली चोवीस वर्षांची गीता, केंद्राची सगळ्यात धाकटी सहायक. सीमावादाच्या बातम्यांनी सगळीकडं हवा तापलेली. बंगळूरहून एक साहेब पाहणीला आले होते, त्यांना मराठीचं अक्षर येत नव्हतं, आणि गीता त्यांची दुभाषी. ओढ्याच्या वर उंचवट्यावर दोघं उभे. खाली पाण्यात आई. आईनं मिशीचं लोणी काढलं, आणि मग त्याहून वरचढ, जे ऐकून वयात आलेल्या मुली तोंडावर पदर धरायच्या. साहेब इंग्रजीत म्हणाले, ती पुढची म्हातारी काय म्हणते आहे? आई तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होती. ती माझी आई आहे, हे गीताच्या जिभेवर आलंच नाही. लोणी तर मुळीच नाही. तिनं सरळ उभं राहून सांगितलं, प्रक्षोभक घोषणा, सर. साहेबांनी वहीत लिहिलं. मग दोन्ही काठांनी मिळून म्हणायचा तो शेवटचा चरण आला, ओढा बी आमचा गं, पानी बी आमचं, पोरगी नेऊ उचलून, बघत ऱ्हाईल गाव तुमचं. साहेबांनी हातवाऱ्यावरून विचारलं, धमकी? तिनं मान हलवली. नंतर लेख लिहायला बसली तेव्हा वहीतले शब्द मोडता येत नव्हते. मुली पळवून नेण्याची धमकी, असं तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं. पोरगी उचलून नेणं म्हणजे सून करून नेणं, हे तिला माहीत होतं. त्या दिवशी लाह्या वाहून गेल्यावर काठावरच सोयरिकी निघायच्या, कुणाची मुलगी कुणाला, त्या त्या घराण्यांत, त्या त्या जातींत. तिची आत्या अशीच हिंगणीला दिलेली.

"लाज वाटली म्हणून," गुरुपादय्या म्हणाले.

"लाज वाटली म्हणून."

त्यांनी टेबलाच्या काचेखालच्या नकाशावर कोळवाडीच्या ठिपक्याला बोट लावलं. मग म्हणाले, "महिनाभर थांबा की. मंडळ होऊ द्या. नंतर हळूच एखाद्या वर्षी नाव गाळा, कोण बघतो? आता लिहून दिलंत तर ते विचारतील, पहिली वीट कच्ची तर भिंत कशी? ही खुर्ची पुन्हा येणार नाही, गीताबाई. मी बावीस अर्ज वाचलेत."

"पण पंचमी महिनाअखेरीच्या आधी आहे, सर. सही झाली की यंदाही ओढ्यावर पोलिसांचा तंबू पडला."

"पडू द्या. सतरा वर्षं पडला."

गीताबाईंनी पेनला टोपण लावलं, पण गुरुपादय्यांना ते जिंकल्यासारखं वाटलं नाही. जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "ते लोण्याचं पुन्हा म्हणा बरं?" गीताबाईंनी म्हटलं. ते जिन्यावरून हसत उतरले. खालच्या पायरीवर त्यांचं हसू एकदा थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

घरी जाताना रिक्षात त्यांनी मनाशी मांडणी करून पाहिली. शिव्या आपोआप बंद पडल्या असं त्यांनी इतकी वर्षं धरलं होतं. रेडिओ आला, पोरी शाळेत जाऊ लागल्या, अशा गोष्टी जातातच, असं त्या व्याख्यानात सांगतही असत, थोड्या हळहळीनं, आणि ऐकणारे माना हलवत. वडील अडुसष्टला गेले, दुसऱ्या वर्षी त्या श्रावणानंतरच त्यांनी आईला गुलबर्ग्याला आणलं, आणि त्यानंतर गाव म्हणजे लग्नकार्याला दोन दिवस. आई गावाबद्दल बोलायची, पण ओढ्याबद्दल नाही. दुखरा दात जिभेनं टाळावा तशी ती तो विषय टाळायची, आणि गीताबाईंनी कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर एकोणसत्तरचा उंचवटाही आला असता. आज मात्र घर जवळ येत होतं तशी भीतीबरोबर एक विचित्र हलकेपणाची चाहूलही येत होती. बेचाळीस वर्षांची बाई शाळेत पाटी फोडून घरी चालल्यासारखी.

कोंडाबाई अंगणात बसून अंबाडीची पानं खुडत होती. उन्हं अजून भिंतीवर होती. "लवकर आलीस? खुर्ची टोचली व्हय?"

"आई, ओढ्यावरच्या शिव्या कामून बंद पडल्या?"

खुडणारी बोटं थांबली नाहीत. "ती सुभद्री गेली की पोलिसात. मी तुझ्याकडं आले त्याच्या फुडल्या वर्सी तंबू ठोकला, चार बाया दिसल्या की शिट्ट्या. त्या वर्सी ती हरली होती माझ्याकडून. लोन्याचं तिला लागलं. तिच्या दाल्ल्याला मिशा होत्या न्हवं का. मोठ्या घरची बाई, कंप्लेट द्यायला तिला काय लागतंय." ती एक पान उजेडात धरून बघू लागली. "मी त्यापासून तिचं तोंड बघितलं न्हाई. तिची लेक वारली तवा बी गेले न्हाई. आता इतकं मनात धरू न्हाई मानसानं. पन धरलं."

गीताबाई समोरच्या पायरीवर बसल्या. ऑफिसची साडी धुळीत टेकली. त्यांनी सांगितलं, सगळं, उंचवट्यापासून शेवटच्या रकान्यापर्यंत, आणि सांगताना भाषा आपोआप खाली उतरत गेली, उपसंचालकाची, मग गुलबर्ग्याची, मग कुणाचीच नाही, मग कोळवाडीची. "तक्रार मी केली, आई. तिनं न्हाई. मी तिथं उभी ऱ्हाऊन तू माझी आई हायस म्हनलं न्हाई."

कोंडाबाईनं सूप बाजूला ठेवलं. तिनं मुलीकडं बघितलं नाही, भिंतीवरच्या उन्हाकडं बघितलं. त्या वेळात गीताबाईंना आईच्या हातावरचं गोंदण दिसत राहिलं, हिरवं, पसरलेलं, वाचता न येणारं. आई रडेल असं वाटलं. किंवा उठून आत जाईल. पण कोंडाबाई म्हणाली, "म्हंजे सुभद्री रुसलीच न्हवती म्हन की."

"न्हाई."

"अठरा वर्सं मी तिला शिव्या घातल्या. ओढ्यावरल्या न्हाई. मनातल्या. त्या वंगाळ असत्यात गं. त्यात जात बी येती, मेलेलं बी येतं." तिनं सुपातलं एक देठ मोडलं. "आन् तू. तुला लाज वाटली तर वाटली. चोवीस वर्सांची पोर, बाजूला टाय लावलेला साहेब. मी तुझ्या जागी असते तर तिथनं पळूनच गेले असते." मग तिला हसू फुटलं, आधी खांद्यातून. "परक्षोबक काय म्हनलीस? पुन्यांदा म्हन."

"प्रक्षोभक घोषणा."

"लोन्याला?"

दोघी हसल्या, पानं सुपातून सांडली. हसता हसता गीताबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलं नाही. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा हे फार लवकर झालं होतं. इतकी वर्षं ज्याला वळसा घालून चाललो ते एवढंसं. पण एवढंसं नव्हतंही. हिंगणीच्या आत्यानंतर ओढ्यापलीकडं कोण गेलं होतं लग्न होऊन? त्या बोटांवर आठवू लागल्या, आणि कोंडाबाई नावं सांगू लागली, आणि नावं सत्तरच्या वैशाखाला येऊन संपली. त्यानंतर सोयऱ्यांची मढी झाली, बारशी झाली, पण नवी पोरगी ना इकडून तिकडं गेली ना तिकडून इकडं आली. बोलणीच कुठं करणार, कोंडाबाई म्हणाली, बोलायची जागाच न्हाई ऱ्हायली तर. ज्या निर्देशांकात कोळवाडीला सतरा वर्षं शांततेचे पैकीच्या पैकी गुण मिळत होते, त्याच सतरा वर्षांत दोन गावं एकमेकांना परकी होत गेली होती, आणि हे कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्या टिपण लिहायला बसल्या. आई शेजारी, हातात चहाचा पेला. केंद्रात इंग्रजी टाइपरायटर होता, कानडी होता, देवनागरी नव्हता. म्हणून शिव्या हातानं लिहाव्या लागणार होत्या, सरकारी कागदावर, निळ्या शाईनं. कोंडाबाई सांगायची आणि गीताबाई लिहायच्या. काही आठवायला वेळ लागायचा. मग ती डोळे मिटून गुडघ्यावर थाप धरायची, दोनचार थापा रिकाम्या जायच्या, आणि चरण येऊन थापेवर बसायचा, पाखरू तारेवर बसावं तसा. हिंगणीची पाटलीण गं, लुगडं नेसते नऊ वार, आठ वार जावंचं, एक वार तिचं फार. एकतीस निघाल्या. बत्तिसावी सांगताना कोंडाबाई अडली. "ही नको. ही लई उघडी हाय."

"सांग."

"तुझ्या साहेबाला वाचायची हाय."

"म्हणूनच सांग."

कोंडाबाईनं सांगितली. गीताबाईंनी ती लिहिली, समोर अर्थ लिहिला, आणि कानाच्या पाळ्या तापल्या तरी अर्थात एकही शब्द झाकला नाही. खाली टिपणाचा मजकूर तीन वाक्यांचा. १९६९ च्या लेखातील नोंद चुकीची आहे. चूक भाषेच्या अज्ञानाने नव्हे तर माझ्या संकोचाने झाली. कोळवाडीचे नाव यादीतून कमी करावे व त्या नोंदीवर उभा असलेला निर्देशांक पुन्हा तपासावा. यादीत कोळवाडीवर आडवी रेघ ओढून सावित्रम्माच्या फुलीवर त्यांनी सही केली. प्रभारी असेपर्यंत यादी त्यांच्या सहीनं जात होती. सावित्रम्मानं पाकीट बंद करण्याआधी शिव्यांचं परिशिष्ट वाचलं. तिचं माहेर भालकीकडचं, तिला मराठी सगळं कळत होतं. तिनं पाकिटाला डिंक लावला. दुपारी मात्र तिच्या खोलीतून टाइपरायटरचा आवाज थांबून थांबून येत होता आणि मधल्या जागी खुदखुद.

बंगळूरहून फोन आठ दिवसांनी आला. मंडळाचे अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते, त्यांचा आवाज लांबच्या विहिरीतून आल्यासारखा यायचा. परिशिष्ट फार मनोरंजक आहे, असं ते म्हणाले. पण ज्या पायावर आपली निवड होत आहे त्याच पायावर आपणच कुदळ मारली तर मंडळाची अडचण होते, हे आपण समजू शकाल. टिपण मागं घ्यावं, संकोचाचं ते वाक्य तर नक्कीच, आणि एक तारखेला वरिष्ठ संचालक म्हणून रुजू व्हावं. निर्देशांक सावकाश बघू. नाहीतर निवड नव्यानं करावी लागेल, आणि तोवर बंगळूरहून कुणीतरी येतील. गीताबाईंनी खुर्ची डावीकडं वळवली. कुरकुरली. उजवीकडं वळवली. नाही कुरकुरली. त्यांना ही खुर्ची हवी होती. हे त्या क्षणी अगदी स्पष्ट कळलं. खिडकी, वारा, काचेखालचा नकाशा, सगळं हवं होतं, आणि आणखी कितीतरी करायचं मनात होतं. "टिपण राहू द्या, सर," त्या म्हणाल्या. पलीकडं विहिरीत कागद चाळल्याचा आवाज झाला. मग ते म्हणाले, विचार करून सांगा. त्या म्हणाल्या, झाला. फोन ठेवल्यावर त्यांनी टेबलावरची आपली पेनं गोळा केली आणि वरच्या खोलीत, उपसंचालकाच्या जुन्या टेबलाशी जाऊन बसल्या. तिथं खिडकी लहान होती. संध्याकाळपर्यंत त्यांनी तांड्यांच्या अहवालाची अकरा पानं तपासली आणि बाहेर पडताना लक्षात आलं की दुपारी केव्हातरी दुःख झालं होतं आणि केव्हातरी ते थांबलंही होतं.

करीच्या दिवशी कमलनगरला गाडीतून उतरल्यावर जीप मिळाली. कोंडाबाईनं कमलनगरच्या बाजारात आधीच कुणाच्या तरी कुणाकडून निरोप सोडला होता, यंदा तंबू न्हाई म्हणून, आणि सुभद्रीला तक्रार खरी कुणी केली तेही सांग म्हणून. ओढ्याला पाणी बेताचं होतं. तंबूच्या जागी खुंट्यांची भोकं तेवढी दिसत होती आणि त्यात मुंग्यांनी घरं केली होती. या काठाला तीसेक बायका जमल्या होत्या. निम्म्या सुनांनी हे कधी पाहिलं नव्हतं. लाह्या आणायच्या असतात एवढंच सासूनं सांगितलेलं, त्या ओचे धरून लाजत उभ्या. त्या काठालाही तेवढ्याच. मध्ये पाण्याचा आवाज. दोन्ही काठ एकमेकांकडं बघत राहिले आणि कुणालाच सुरुवात येईना. सतरा वर्षं तोंड न उघडलेल्या बायका; गीताबाईंच्या मनात आलं की आता ही शांतताच पुढं चालू राहील, आणि ती आपणच केलेली असेल.

मग पलीकडची गर्दी बाजूला झाली आणि एका नातीच्या खांद्याला धरून सुभद्राबाई पाण्याच्या कडेला आली. पांढरं लुगडं, पाठीला बाक. कोंडाबाई पुढं झाली. दोघींमध्ये दहा हात पाणी. सुभद्राबाईनं कपाळावर हात धरून उन्हातून बघितलं.

"कोंडे, मेलीस म्हनून ऐकलं हुतं."

"तुला सोडून कशी मरू?" कोंडाबाई म्हणाली. आवाज तिला पुरा लागला नाही. "सुभद्रे, तुझी लेक गेली तवा मी आले न्हाई. चूक माझी."

"कळलं मला समदं. निरोप्यानं सांगितलं." सुभद्राबाईची नजर कोंडाबाईवरून सरकली, मागच्या रांगेत, इस्त्रीच्या साडीत उभ्या असलेल्या गीताबाईंवर आली आणि तिथं थांबली. तिनं नातीचा खांदा सोडला. हात उडवला, आणि त्या बाकातून असा आवाज निघाला की काठावरचे बगळे उठले:

कोळवाडीची सायबीन गं, खुर्ची हिची फिरती
आईच्या तोंडाला कुलूप, अन् हिची गावभर किरती

पलीकडचा काठ फुटला. अलीकडच्याही काहीजणी हसल्या आणि मग तोंडावर पदर धरून गीताबाईंकडं बघू लागल्या. शिवी नेमकी लागली होती, जिथं लागायला हवी होती तिथंच, आणि लागताच तिथली काहीतरी जुनी गाठ सैल झाली. मंडळाच्या अध्यक्षांना जे सभ्यपणामुळं विचारता आलं नाही, गुरुपादय्यांनी ज्याला मायेनं बगल दिली, आईनं जे हसून माफ केलं, ते कुणीतरी चालीत बांधून भर उन्हात तोंडावर म्हटलं होतं. गीताबाईंना एकदम वाटलं, आपण इथं आहोत, या रांगेत. रांगेत नसलेल्या बाईला कुणी अशी शिवी बांधत नाही.

"दे उत्तर," कोंडाबाई म्हणाली.

"मी? मला येत न्हाई, आई. तू दे."

"मला दिली न्हाई तिनं. तुला दिलीया. बघ, लाह्या सोडाव्या लागतील."

सगळ्या वाट बघत होत्या. गीताबाईंनी चपला काढल्या आणि पाण्यात पाऊल टाकलं. गाळ बोटांतून वर आला. एकोणीस वर्षं वाक्यं करण्यात गेली होती आणि आता एकही येईना. मांडीवर थाप धरली, आईसारखी. दोन थापा रिकाम्या गेल्या. तिसरीवर शब्द येऊन बसले आणि त्यांनी ते घाबरत, जवळजवळ स्वतःशीच म्हटले:

हिंगणीची सुभद्रा गं, दात हिचे दोन
अठरा वर्सं गप बसली, हिला विचारतंय कोन

सुभद्राबाईनं कानाला हात लावला. "ऐकू येईना गं सायबीनबाई. हितं काय तुझी कचेरी हाय का, हळू बोलायला?"

गीताबाईंनी पदर कमरेला खोचला, छातीत श्वास भरून घेतला आणि पुन्हा म्हटलं, मोठ्यानं.